वाघीण, मालडबा की बॉक्सकार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेल्वेने साखर धाडणारे, खत-सिमेंट उतरवून घेणारे, अपघाताची बातमी लिहिणारे आणि इंग्रजी पुस्तकाचं मराठी करणारे, या चौघांचे प्रश्न वेगळे असतात, पण अडतात ते एकाच डब्यापाशी. म्हणून शब्दाचे आणि मालधक्क्याचे प्रश्न इथे एकत्रच घेतले आहेत.

बॉक्सकार म्हणजे नेमकं काय?

मालगाडीचा छत असलेला, सगळ्या बाजूंनी बंद आणि बाजूच्या भिंतींना दारं असलेला डबा. शब्द अमेरिकेतला. तिकडे रुळांवरच्या प्रत्येक डब्याला, माणसांचा असो वा मालाचा, 'कार' म्हणतात. ब्रिटनमध्ये याच डब्याला 'कव्हर्ड वॅगन' किंवा 'व्हॅन' म्हणतात. आपल्या रेल्वेची परिभाषा ब्रिटिश वळणाची, त्यामुळे भारतीय रेल्वेच्या कागदांत हा डबा 'कव्हर्ड वॅगन' म्हणूनच येतो. मालधक्क्यावर जाऊन "बॉक्सकार हवी" म्हणालात तर समोरचा गोंधळेल. का, ते पुढे बॉक्सएनच्या प्रश्नात येईल.

मराठीत याला काय म्हणायचं?

वाघीण. सगळ्या प्रकारच्या मालडब्यांना हा शब्द चालतो, म्हणून नेमकेपणा हवा असेल तेव्हा 'बंद वाघीण' म्हणा आणि छत नसलेलीला 'उघडी वाघीण'. 'मालडबा' हाही चांगला शब्द आहे. ज्याला रेल्वेतलं काही ठाऊक नाही अशा वाचकासाठी तोच बरा. 'पेटीडबा', 'संदूकयान' असले घडवलेले शब्द मात्र कोणाच्याच तोंडी नाहीत, ते टाळा.

पण वाघीण म्हणजे तर वाघाची मादी. रेल्वेत ती कशी शिरली?

इंग्रजी 'वॅगन' तोंडातोंडी घासून 'वाघीण' झाला. परका शब्द कानाला अनोळखी वाटला की जीभ त्याला जवळच्या ओळखीच्या शब्दाकडे ओढते. भाषेच्या अभ्यासात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. 'गार्ड'चा 'गारद' झाला, 'हॉस्पिटल'चं 'इस्पितळ' झालं, पण ते नवे शब्द झाले. वॅगनने मात्र आधीपासून असलेल्या शब्दाचंच घर बळकावलं, आणि तेही वाघाचं.

गंमत अशी की मूळ शब्द आपल्याला तितका परका नाही. इंग्रजीत 'वॅगन' आला डचमधून, आणि त्याचं मूळ ज्या प्राचीन धातूत आहे त्याच धातूतून संस्कृत 'वह्' म्हणजे वाहून नेणे हा धातू आला. म्हणजे वॅगन आणि वाहन ही लांबची भावंडंच.

लिहिताना वाघीण की वाघिण?

एकवचनात 'वाघीण', घी दीर्घ. प्रत्यय लागला किंवा अनेकवचन झालं की ऱ्हस्व: वाघिणी, वाघिणीत, वाघिणीचं दार, वाघिणींची संख्या. खऱ्या वाघिणीलाही हाच नियम. लिंग स्त्रीलिंगीच.

बातमीत गैरसमज होणार नाही असं कसं लिहावं?

'मालगाडीची' हा एक शब्द आधी टाकला की काम भागतं. "मिरजेजवळ वाघीण घसरली" एवढाच मथळा वाचून रेल्वेच्या वाटेला कधी न गेलेला वाचक वेगळंच चित्र डोळ्यांपुढे आणतो. आपल्याकडे ही शंका अगदीच हवेतली नाही, कारण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं कार्यालय कोल्हापुरात आहे आणि वाघिणीच्या खऱ्या बातम्याही इथूनच निघतात. संख्या देतानाही "सहा वाघिणी" न लिहिता "मालगाडीच्या सहा वाघिणी" लिहावं.

मालधक्क्यावर 'बॉक्स' म्हणतात तीच बॉक्सकार का?

नाही, आणि या विषयातला सगळ्यात महाग पडणारा गोंधळ हाच. भारतीय रेल्वेत 'बॉक्स' किंवा 'बॉक्सएन' ही उंच भिंतींची, छत नसलेली उघडी वाघीण. तिच्यातून कोळसा, खनिज, खडी जाते. कोडातलं 'ओ' हे अक्षर 'ओपन'चं आहे. अमेरिकन बॉक्सकार मात्र बंद असते. इंग्रजी मजकुरातल्या 'बॉक्सकार'साठी कोणी 'बॉक्स वॅगन' लिहिलं, की वाचणारा रेल्वेचा माणूस नेमकं उलटं समजतो. साखरेच्या मागणीत ही चूक झाली तर पाऊस वरूनच आत.

मग बंद वाघिणीचं रेल्वेतलं नाव काय?

बीसीएन, आणि तिचे पुढचे प्रकार. 'बी' म्हणजे बोगी (डब्याखालची चाकांची चौकट) असलेली, 'सी' म्हणजे कव्हर्ड अर्थात बंद, 'एन' म्हणजे हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असलेली. पूर्वीच्या बंद वाघिणींत व्हॅक्यूम ब्रेक असायचे. त्याहून जुन्या, चारच चाकांच्या छोट्या वाघिणी आता मालगाडीत दिसत नाहीत. आज पोत्यांच्या मालासाठी मुख्यतः बीसीएनए आणि बीसीएनएचएल या दोन जाती समोर येतात.

या दोघींत फरक काय? आणि एका वाघिणीत किती पोती बसतात?

बीसीएनए लांब आणि जुनी. एका टोकाच्या कपलिंगपासून (डबे जोडणाऱ्या आकड्यापासून) दुसऱ्यापर्यंत १४.४५ मीटर, रिकामं वजन २४.५५ टन, भरल्यावर एकूण कमाल ८१.२८ टन. बीसीएनएचएल आखूड पण रुंद. लांबी १०.९६ मीटर, रुंदी ३.४५ मीटर, रिकामं वजन २०.८ टन, भरल्यावर एकूण कमाल ९१.६ टन. म्हणजे डबा साडेतीन मीटरने लहान आणि माल १४ टनांनी जास्त.

हे जमतं कारण दोन. डब्याचं स्वतःचं वजन कमी केलं आणि एका आसावर पेलायचा भार २०.३२ टनांवरून २२.९ टनांवर नेला. लांबी कमी करण्यामागे स्थानकांतल्या बाजूच्या मार्गांचा हिशेब आहे. पुष्कळ ठिकाणी हे मार्ग सुमारे ६८६ मीटरचे आहेत. ५८ बीसीएनएचएल वाघिणींची रांग ६३६ मीटर होते, म्हणजे इंजिन आणि गार्डचा डबा धरून त्यात मावते. त्याच जागेत बीसीएनए ४२च्या आसपास बसतात.

पोत्यांचा हिशेब सोपा. बीसीएनएचएलची कागदोपत्री कमाल ७०.८ टन, पण प्रत्यक्षात किती भरायचं हे मालाच्या जातीनुसार आणि मार्गानुसार रेल्वे ठरवून देते, आणि मालधक्क्यावर तोच आकडा धरायचा. समजा ६० टन ठरले, तर ५० किलोची १२०० पोती. ५८ वाघिणींच्या पूर्ण रेकला, म्हणजे जोडलेल्या अख्ख्या रांगेला, ६९,६०० पोती. एवढी पोती पाठीवरून चढायची आहेत हे लक्षात ठेवून माथाडींची टोळी ठरवा. रेल्वे देते त्या मोफत वेळेत काम उरकलं नाही तर डेमरेज, म्हणजे वाघिणी अडवून ठेवल्याचा आकार, दर वाघिणीमागे, दर तासाला चढतं. पाच वाघिणी रिकाम्या करायच्या राहिल्या तरी अख्खा रेक अडतो, हे नव्या व्यापाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

वाघिणीवरचा अकरा आकडी नंबर कसा वाचायचा?

पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार. ३० ते ३९मधला आकडा दिसला तर ती बंद वाघीण. १० ते २९ उघडी, ४० ते ५४ टाकी, ५५ ते ६९ सपाट, ८५ ते ८९ गार्डचा डबा. पुढचे दोन आकडे मालक रेल्वेचे, त्यापुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार आकडे त्या वाघिणीचा स्वतःचा क्रमांक, आणि शेवटचा एक पडताळणीचा.

पडताळणी कागदावर करता येते. पहिल्या दहा आकड्यांतले डावीकडून सम जागांवरचे आकडे मिळवा, तिनाने गुणा, त्यात विषम जागांवरच्या आकड्यांची बेरीज मिसळा. आलेल्या संख्येला पुढच्या दहाच्या पटीत नेण्यासाठी जे मिळवावं लागतं तो अकरावा आकडा. नमुन्यासाठी एक काल्पनिक नंबर घेऊ: ३१०१०८४५६७. सम जागांवर १, १, ८, ५, ७. बेरीज २२, तिप्पट ६६. विषम जागांवर ३, ०, ०, ४, ६, बेरीज १३. एकूण ७९. ऐंशीला एक कमी, म्हणून पूर्ण नंबर ३१०१०८४५६७१. पावतीवर नंबर उतरवताना एक आकडा चुकला तर इथे पकडला जातो. रंग उडालेल्या वाघिणीवर ३ आणि ८ यांची गल्लत हमखास होते.

बंद वाघिणीतून काय पाठवावं, काय नाही?

पाणी लागून बिघडणारा आणि पोत्यात, खोक्यात येणारा माल: साखर, धान्य, सिमेंट, रासायनिक खत, पेंड, मीठ. सुटा, फावड्याने उचलायचा माल यात घालू नये, दारातून तो काढता काढता दिवस जातो.

गुळाचं वेगळं सांगायला हवं. इथे कोल्हापुरात गुळाला इतका मान की मिरज मार्गावर गूळ मार्केट नावाचं स्थानकच आहे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण गूळ हवेतली ओल ओढतो. बंद वाघीण पावसापासून वाचवते, दमटपणापासून नाही. पोलादी डबा दिवसा तापतो, रात्री छत गार पडतं, आतली वाफ छताखाली जमून वरच्या थरावर ठिबकते. रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, पाझर फुटतो आणि खालच्या थरातले रवे एकमेकांना चिकटतात. म्हणून पावसाळ्यात गूळ पाठवायचाच असेल तर प्रत्येक रवा प्लास्टिकमध्ये बांधलेला हवा आणि वरच्या थरावर आच्छादन हवं. थर फार उंच रचू नयेत.

भरताना नेमकं काय चुकतं?

पहिली चूक, वाघीण आतून न बघणे. माणसाने आत जावं, दारं ओढून घ्यावीत आणि अंधारात वर बघावं. छताला किंवा सांध्याला भोक असेल तर उजेडाचा ठिपका दिसतो. पाऊस नसला तरी हे करायचं, कारण गाडी पुढे कुठल्या मुलखात भिजेल ते इथे बसून कळत नाही. भोक सापडलं तर ती वाघीण भरण्याआधीच माल बाबूच्या (मालधक्क्यावरच्या रेल्वेच्या कारकुनाच्या) नजरेस आणून लेखी नोंद करून घ्या. भरल्यावर सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

दुसरी, झाडझूड न करणे. आधीच्या फेरीत युरिया असेल तर कोपऱ्यांत आणि फटींत दाणे राहतात. ते ओल ओढतात, तळाच्या साखरपोत्यांना ओले डाग पडतात आणि घेणारा पोती नाकारतो. सिमेंटची पूड राहिली आणि ओलावली तर तळावर खडबडीत थर बसतो, त्यावर पोतं ओढलं की फाटतं. आधी कोरडा झाडू मारावा. पाणी मारायचं तर वाळायला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ कोणाकडेच नसतो. तळाशी प्लास्टिकचा कागद अंथरणं हा त्यातला व्यवहारी मार्ग.

तिसरी चूक वजनाची. हमाल दारातून आत शिरतो आणि साहजिकच जवळच्या जागेत पोती टाकतो. एका टोकाला थर उंच आणि दुसरं टोक रिकामं राहिलं, तर एकाच बोगीवर भार येतो, तिच्या स्प्रिंगा दबतात, आणि रुळावरून घसरण्याचा धोका वाढतो. भरणी दोन्ही टोकांकडून दाराकडे यावी, दोन्ही बाजूंना थर सारखे असावेत. मोजणीही त्यामुळे सोपी होते, कारण एका थरात किती पोती हे ठरलेलं राहतं.

चौथी, दारापाशी. दाराला टेकवून पोती रचली तर वाटेत ती सरकून दारावर दाबली जातात. उतरवताना दार उघडताक्षणी वरची पोती माणसाच्या अंगावर येतात, आणि ५० किलोचं पोतं डोक्याच्या उंचीवरून आलं तर मान मोडते. दारापाशी थर पायरीसारखे उतरते ठेवा. फटीतून पाणी येतं तेही दारापाशीच, म्हणून तिथे आतून प्लास्टिकचा पडदा सोडा.

पाचवी चूक, पोती उचलायला आकडा वापरणं. लोखंडी आकडा लावला की पोतं पटकन उचललं जातं, पण भोक पडतं आणि प्रवासभर साखर गळत राहते. आकड्याला मनाई करायची असेल तर ती टोळीशी दर ठरवतानाच करा, भरणी अर्ध्यावर आल्यावर नव्हे.

आणि जास्त भरणं. रेक पुढे चालत्या गाडीचं वजन करणाऱ्या काट्यावरून जातो. ठरल्यापेक्षा जास्त भरलं असेल तर दंडाचा आकार लागतो, तो भाड्यात वाचलेल्या पैशांपेक्षा कितीतरी मोठा.

सील तुटलेलं दिसलं किंवा पोती कमी निघाली तर?

दार उघडू नका. आधी माल बाबूला बोलवा, सीलची अवस्था दाखवा, फोटो काढा आणि संयुक्त मोजणीची मागणी लेखी द्या. मोजणी झाल्यावर कमी निघालेल्या मालाचा दाखला घ्या.

रेल्वेची पावती आधीच वाचलेली असावी. भरताना रेल्वेच्या माणसाने पोती मोजली नसतील तर पावतीवर 'पाठवणाऱ्याच्या सांगण्यानुसार' अशा अर्थाचा शेरा असतो, इंग्रजीत 'सेड टू कंटेन'. अशा पावतीवर आकडा सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. नुकसानभरपाईची लेखी नोटीस माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांत जावी लागते, हे १९८९च्या रेल्वे कायद्यातलं कलम १०६. मुदत माल पोहोचल्याच्या तारखेपासून मोजणारे इथेच चुकतात.

रिकाम्या वाघिणीचं दार उघडं राहिलं तर काय बिघडतं?

पुष्कळ. चालत्या गाडीत ते दार बाहेर झुलतं आणि शेजारच्या रुळावरच्या गाडीला, सिग्नलच्या खांबाला किंवा फलाटावरच्या माणसाला लागू शकतं. उतरवणारी टोळी घाईत निघून जाते, म्हणून शेवटची वाघीण रिकामी झाली की मुकादमाने रेकच्या दोन्ही अंगांनी चालत जाऊन दारं आणि त्यांच्या खिळी बघाव्यात.

छतावर चढून भोक बुजवता येईल का?

नाही. कोल्हापूर-मिरज मार्गावर आता विजेची तार आहे, २५,००० व्होल्टची. तिला हात लागायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी झटका बसतो.

डब्याला बोगी म्हणणं चूक आहे का?

बोलीत नाही, तांत्रिक लेखनात हो. बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट. बीसीएनला अशा दोन असतात, प्रत्येकीला दोन आस. "आठ बोग्या घसरल्या" हे रेल्वेच्या अहवालात वाचणाऱ्याला चार डबेही वाटू शकतात.

मिरजेत माल एका वाघिणीतून दुसरीत का टाकायचे?

रुळांची मापं वेगळी म्हणून. कोल्हापूर संस्थानाची मिरजेपर्यंतची रेल्वे १८९१ साली सुरू झाली ती मीटर गेज, म्हणजे रुळांत १००० मिलिमीटर अंतर. पुण्याकडची वाटही तशीच होती, त्यामुळे मुंबईचा माल पुण्यात बदलावा लागे. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर १६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज झाली आणि अदलाबदल मिरजेवर आली. बेळगावकडची लाइन मीटर गेजच राहिली होती आणि पंढरपूर-लातूरकडची ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज. एकाच गावात तिन्ही मापं. प्रत्येक बदलीत पोतं दोनदा जास्त उचललं जाई, तेवढी फाटतूट आणि चोरी वाढे. हे मार्ग रुंद झाल्यावर ती भानगड संपली.

कथा-कादंबरीच्या भाषांतरात 'वाघीण' चालेल का?

प्रसंग बघून. अमेरिकेतल्या मंदीच्या काळात बेकार माणसं चोरून मालगाडीत बसून गावोगाव हिंडत, तिथे 'मालडबा' नीट बसतो. पण नाझींनी माणसं कोंबून छळछावण्यांकडे नेली त्या डब्यांना 'वाघीण' म्हटलं तर वाचक शब्दावरच अडखळतो, आणि तिथे अडखळणं परवडत नाही. 'मालगाडीचे बंद डबे' लिहा. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच डब्यांवर '४० माणसं, ८ घोडे' असं लिहिलेलं असे, ते आकडे तसेच ठेवा.

आपल्याकडचा दाखला १९२१चा. मलबारात मोपला उठावातल्या कैद्यांना तिरूरहून रेल्वेच्या बंद डब्यातून पाठवलं, आणि साठांहून अधिक जण गुदमरून मेले. इतिहासात ती घटना 'वॅगन ट्रॅजेडी' म्हणून नोंदली आहे. मराठीत लिहिताना 'वाघीण दुर्घटना' करू नका, 'वॅगन ट्रॅजेडी'च राहू द्या.

इंग्रजीत 'बॉक्सकार'चे आणखी अर्थ आहेत का?

आहेत. फाशांच्या खेळात दोन्ही फाशांवर सहा-सहा पडले की ते 'बॉक्सकार्स'. ठिपक्यांच्या दोन रांगा डब्यांसारख्या दिसतात म्हणून. गणितात आणि सिग्नलच्या अभ्यासात 'बॉक्सकार' म्हणजे ठरावीक पट्ट्यात एकच किंमत आणि बाहेर शून्य असलेला आयताकृती आलेख. तिथे मराठीत 'आयताकृती फलन' म्हणावं, वाघिणीला आणू नये.

मोटारी नेणारे खिडक्या बंद केलेले डबे याच जातीचे का?

नाही. ते प्रवासी डबे, वय झाल्यावर खिडक्या-दारं पत्र्याने बंद करून आणि टोकाला दार काढून मालासाठी बदललेले. रेल्वेत त्यांना एनएमजी म्हणतात. गाडी टोकाकडून आत चालवत नेतात.

जुनी वाघीण घेऊन शेतावर गोदाम करता येईल का?

विचार चांगला, हिशेब जमत नाही. बाद वाघिणी रेल्वे ई-लिलावात भंगार म्हणून विकते, सहसा लॉटने, आणि एकटा शेतकरी तिथे भंगारवाल्यांसमोर टिकत नाही. मिळाली तरी बीसीएनएचएलची रुंदी ३.४५ मीटर आणि रस्त्यावरच्या मालवाहू वाहनाला मर्यादा २.६ मीटर, म्हणजे खास परवानगी किंवा तुकडे करणं आलं. गोदामच हवं असेल तर वापरलेला २० फुटी जहाजी कंटेनर घ्या. रिकामा सव्वादोन टनांच्या आसपास भरतो आणि साध्या ट्रेलरवर येतो. खाली चारही कोपऱ्यांना वीतभर उंचीचे काँक्रीटचे ठोकळे द्या, नाहीतर तळ गंजतो.